दुधाआधी ढेप

अकोला

चि. बेटा,


तुझं पत्र वाचलं. युरियाच्या दुधाचा व्हिडिओ पाहून तुझी झोप उडाली, आणि आता नातवाचं दूधच बंद करावं का, असं विचारतेस. पिशवीचं चांगलं की बडनेऱ्याहून येणाऱ्या गवळ्याचं, हेही विचारलंस. दोन वर्षांचं पोर घरात असताना आईला ही काळजी वाटणारच. पण काळजी नेमकी कशाची करायची, ते आधी पाहू.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. युरिया, डिटर्जंटसारखी आरोग्याला घातक भेसळ निघाली फक्त १२ नमुन्यांत. मात्र ३६८ नमुन्यांत, म्हणजे शंभरातल्या पाच-सहा नमुन्यांत, अफ्लाटॉक्सिन एम-१ नावाचं विष मर्यादेपेक्षा जास्त होतं. आपल्याकडे ही मर्यादा एका किलो दुधाला अर्धा मायक्रोग्रॅम आहे. या विषाचं प्रमाण सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त आढळलं. म्हणजे नुसती पिशवी घेतली म्हणून निर्धास्त होता येत नाही.

हे विष दुधात कोणी ओतत नाही. ते जनावराच्या चाऱ्यातून येतं. ओलसर सरकी, शेंगदाणा, मका किंवा त्यांच्या ढेपेवर एक बुरशी धरते आणि ती विष तयार करते. ती ढेप गायी-म्हशीने खाल्ली की तिच्या यकृतात त्या विषाचं रूप बदलतं आणि ते दुधात उतरतं. दूध कितीही उकळलं तरी ते जात नाही. जंतूंसाठी दूध उकळायलाच हवं, पण या विषावर उकळी हा उपाय नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी अचानक मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत या विषाचं मूळ रूप पहिल्यांदा सापडलं. ते वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो, हे आता जगभर मान्य आहे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे ये. वायदे बाजारात सरकी ढेपेचा भाव निघतो तो अकोल्याच्या नावावर. पऱ्हाटीचा कापूस जिनिंगमध्ये जातो, रुई वेगळी होते, सरकी तेलाच्या मिलमध्ये जाते. सरकीतून तेल निघतं थोडंच, बाकी राहते ती ढेप, आणि ती देशभरच्या गोठ्यांत पोचते. वेचणीच्या दिवसांत अवकाळी आला, ओला कापूस तसाच गंजीत राहिला, किंवा ढेपेची पोती श्रावणात गोठ्याच्या ओल्या भिंतीला टेकून राहिली, की बुरशीला आणखी काही लागत नाही. नातवाच्या पेल्यातल्या दुधाची गोष्ट आपल्याच शिवारात सुरू होते, बेटा. म्हणून ती सुधारणंही बरंचसं आपल्या हातात आहे.

कायद्यात मात्र एक मोठी फट आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अन्नाची जी व्याख्या केली, तिच्यातून जनावरांचं खाद्य स्पष्ट वगळलं आहे. दूध तपासायचं, पण ते दूध ज्या ढेपेतून आलं ती मोकळी सोडायची, याने पोरांचं रक्षण होणार नाही. ढेपेच्या तपासणीची मागणी आपण वऱ्हाडातल्या लोकांनी सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने करायला हवी.

भाजीवरच्या औषधांचंही असंच आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात होते. आपण वांग्यावरच्या औषधाला घाबरतो, पण ते पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या अंगावर आधी पडतं. औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, तो विष किती जहाल ते सांगतो. सोबतच्या पत्रकात फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे तेही असतं. फवारणाऱ्याला ते नीट वाचून दाखवलं, त्याला हातमोजे, मास्क मिळाले, तोडणीची घाई झाली नाही, तर तो वाचतो आणि आपलं ताटही वाचतं. माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्या आधी जो खातो आणि आपल्या आधी जो श्वासात घेतो, त्याला जपलं तरच आपण जपले जाऊ.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दूध बंद करू नकोस. वाढत्या पोराला ते हवं, आणि बहुतेक नमुन्यांत हे विष मर्यादेतच होतं. गवळीदादाशी मोकळेपणाने बोल. ढेप कुठून आणता, पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर ठेवता का, काळी पडलेली, कुबट वासाची ढेप निघाली तर काय करता, हे विचार. त्याला हेही सांग, की तसली ढेप बंद केली की तीन-चार दिवसांत दुधातलं विष उतरतं. पण महागाचं पोतं फेकून देणं त्याला परवडत नाही, हेही लक्षात ठेव. लिटरमागे दोन रुपये जास्त देऊन कॉलनीतल्या चार घरांनी मिळून त्याला तेवढा आधार द्या. पिशवी घेत असशील तर त्या दूध संघाला पत्र लिहून विचार, की अफ्लाटॉक्सिनची तपासणी किती दिवसांनी करता. दहा आयांची अशी पत्रं गेली तर संघाला उत्तर द्यावं लागेल.

भेसळखोराला पकडणं अधिकाऱ्यांचं काम आहे, ते त्यांनी करावंच. पण ढेप कोरडी राहावी म्हणून विचारणं, आणि त्यासाठी थोडे पैसे मोजणं, हे काम तुझं-माझं आहे. ते उद्या सकाळी दूध घ्यायला दार उघडशील तेव्हाच सुरू कर.

जावईबापूंना नमस्कार, नातवाला गोड पापा.

तुझा,
मामा