चहा सांडण्याचा गृहपाठ

चारचौघांत हातात कपबशी आली की माझे हात थरथरतात. एकटी असले की मुळीच नाही. त्यामुळे कुणाकडे गेलं की दारातच ‘चहा नको हं, आत्ताच झाला’ म्हणायची सवय लागली. फारच आग्रह झाला तर अर्धा कप मागायचा आणि तो दोन्ही हातांनी धरायचा. थायरॉइडसकट सगळ्या तपासण्या केल्या, दोष काही निघाला नाही. आमच्या गावात समुपदेशक नाही, म्हणून पुस्तकं वाचून स्वतःच सुरुवात केली.

आधी वही. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेकच्या पद्धतीत रकाने आखायचे असतात: प्रसंग, मनात झटकन आलेला विचार, भावनेची टक्केवारी, विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, नवा विचार. मी लिहिलं, ‘जाऊबाईंकडे सत्यनारायण. कप हलला तर सगळ्यांना दिसेल. भीती ८० टक्के.’ रकाने भरेपर्यंत भीती ६० वर यायची, पण पुढच्या घरी पुन्हा ८०. वहीत वकील मीच, न्यायाधीशही मीच. निकाल बुद्धीला पटायचा, हाताला नाही.

डॉ. कि. मो. फडके यांच्यामुळे मराठीत ओळखीचा झालेला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस इथं उपयोगी पडला. त्याला तरुणपणी मुलींशी बोलायची धास्ती होती. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जाऊन तो बाकावर बसलेल्या शंभरेक अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम बोलला. भेटायला एकीच हो म्हणाली, तीही आली नाही. धास्ती मात्र ओसरली. तेव्हा त्यालाही कुणी थेरपिस्ट नव्हता.

मग माझ्या युक्त्यांचं कोडं सुटलं. ‘आज निभावलं’ याचं श्रेय दर वेळी अर्ध्या कपाला जायचं, त्यामुळे भरल्या कपाची भीती तशीच राहायची. तेव्हा गृहपाठ ठरला: ऑफिसच्या कँटीनमध्ये भरलेला कप एका हातानं उचलायचा आणि थोडा चहा मुद्दाम सांडायचा. आधी अंदाज लिहिला, ‘सगळे बघतील, दिवसभर हाच विषय होईल.’

चहा टेबलावर पसरला, थोडा ओढणीवर आला. समोरच्या सहकाऱ्यानं पेपर भिजू नये म्हणून उचलला आणि महागाई भत्त्याचं बोलणं पुढे चालू ठेवलं. पोऱ्यानं फडकं मारलं, ‘दुसरा आणू का मॅडम?’ निकालाच्या रकान्यात लिहिलं: विषय महागाई भत्ताच.

एकट्यानं करायचं तर इतकं नेमकं, छोटं आणि तपासता येईल असंच काही निवडावं. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा; सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तर चोवीस तास चालू असतो.

हात अजूनही अधूनमधून थरथरतात, पण मी भरलेला कप घेते. पुढचा गृहपाठ भिशीचा: सगळ्यांना ट्रेमधून चहा मीच द्यायचा. भीती ७० टक्के, असं लिहून ठेवलंय.