पाय मोकळा, मानही ताठ

कर्नाळ्याच्या पायथ्याशी आमची वस्ती. ऊन चढायच्या आत विहारात आम्ही सात-आठ बाया जमतो. तासभर योगासने करायची आणि मग कुणी कारखान्यात, कुणी पनवेलला घरकामाला, तर मी माझ्या कार्यालयात. दिवसभर खुर्चीत बसून कारकुनी करणाऱ्या माझ्यासारखीला तर हा तास औषधासारखा आहे.

वर्ग सुरू केला तेव्हा फळ्यावर मीच लिहिले होते, ‘योगाचे कपडे घालून यावे.’ स्वतःसाठी बाजारातून तंग विजार आणली. पहिल्याच दिवशी तिचे इलॅस्टिक पोटात रुतले. श्वास घेतला की पोट फुगायला जागाच नाही! आणि योगाचा पहिला धडा तर श्वासाचाच.

त्या फळ्याने आणखी काय केले ते महिन्याने कळले. माझ्या सासूबाई गुडघ्यांसाठी वर्गाला येत, त्या येईनाशा झाल्या. खोदून विचारले तेव्हा म्हणाल्या, “अगं, निजून पाय वर केला की लुगडं मांडीपर्यंत घसरतं. पोरी हसतात. तुझे ते योगाचे कपडे मी कुठून आणू?”

“मग आई, घट्ट कासोटा घालून वर खोचून घ्या ना,” मी सहज बोलून गेले.

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “माझी आजी महाडला गेली होती. बाबासाहेबांनी सांगितल्यापासून तिनं लुगडं कधी वर खोचलं नाही. आता मी खोचू?”

मी निरुत्तर झाले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते, की ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, ते नेसणे आणि ते दागिने सोडा, स्वच्छ राहा. आमच्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले. पायघोळ लुगडे हा त्यांचा मान होता. आणि मी बी.कॉम. शिकलेली सून, आसनासाठी तो मान खुंटीला टांगायला सांगत होते!

पण गुडघाही मोकळा व्हायला हवा होताच. मी विचार केला, की कपडा कामाप्रमाणे असतो. पुण्याला बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ साली योगसंस्था काढली. त्यांच्या पद्धतीत मांडीला इलॅस्टिक असलेली आखूड, फुगीर चड्डी वापरतात. शिक्षकाला गुडघा नीट दिसतो आणि शीर्षासनात कापड घसरत नाही. ती चड्डी सासूबाईंना चालणार नव्हती, पण त्यातले इलॅस्टिक चालणार होते!

घरातल्या जुन्या सुती साडीचा घोट्यापर्यंतचा सैल पायजमा शिवून घेतला. कमरेला नाडी, म्हणजे हवी तेवढी सैल करता येते. दोन्ही पाय जुळतात तिथे कापड ऐसपैस, म्हणजे मांडी घालताना शिवण उसवत नाही. घोट्याशी हलके इलॅस्टिक, म्हणजे पाय वर केला तरी कापड खाली येत नाही. वर मांडीपर्यंतचा कुडता, दोन्ही बाजूंनी चिरलेला. खर्च फक्त शिलाईचा.

भगिनींनो, कपडा घेताना तीन गोष्टी करून पाहा. मांडी घालून खोल श्वास घ्या, दोन्ही हात वर करा, मग पुढे वाका. कुठे ओढ बसली तर तो कपडा नको. फार घोळदारही नको, उभ्याच्या आसनात पाय अडकतो. आपल्या कोकणपट्टीत घाम फार, म्हणून सुतीच बरे. मात्र पावसाळ्यात ते लवकर वाळत नाही, तेव्हा दोन जोड असावेत. ओढणी बाजूला ठेवा, मोजे काढा, पाय सरकत नाही. केसांची मोठी चाप काढा, नाहीतर शवासनात डोक्याला टोचते.

फळ्यावरची ओळ मी पुसली. आता तिथे आहे, ‘सैल, सुती, धुतलेले कपडे. नवे नकोत.’ सासूबाई परत येऊ लागल्या आहेत. गुडघा अजून कुरकुरतो, पण पाय वर करताना आता त्या दाराकडे बघत नाहीत. परवा शेजारच्या मावशींनी त्यांच्याकडे मापासाठी तो पायजमा मागितला, तर म्हणाल्या, “माप घे, पण पायजमा उद्या पहाटेच्या आत परत दे!”