माल्टाचा किनारा आणि रेवसचा धक्का

पनवेलला आज कोणी बंदर म्हणत नाही. लोकल गाड्यांचे आणि द्रुतगती महामार्गाचे शहर हीच आता त्याची ओळख. परंतु एक काळ असा होता, की मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी बोटीने पनवेलच्या धक्क्याला उतरे आणि तेथून बोरघाटाची वाट धरी. १८३० साली त्या घाटातून गाडीरस्ता झाला. १८६३ साली आगगाडी घाट चढली आणि पनवेलचे बंदर मागे पडले. खाडी गाळाने भरत गेली. मी या गावात तीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला. गलबतांच्या, आगबोटींच्या गोष्टी रंगवून सांगितल्या. मात्र स्वतः कधी समुद्रप्रवास केला नाही. त्याला कारण होते आणि ते कारण माझ्या घरातच होते.

माझ्या पत्नीचे माहेर अलिबागजवळचे कोर्लई. तिचे आजोबा मुंबईत नोकरीला होते. १७ जुलै १९४७ रोजी ते भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोटीत चढले. भर पावसाळ्याचे दिवस, गावाकडे निघालेल्या माणसांनी बोट भरलेली. रेवसला पोहोचण्यापूर्वीच ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे समुद्रात गेली. आजोबांचा देह सापडला नाही. कोर्लईच्या दफनभूमीत त्यांची कबर नाही. माझे सासरे तेव्हा अकरा वर्षांचे होते. त्या दिवसापासून त्या घरातील कोणीही बोटीत पाऊल ठेवायचे नाही, असा दंडक आजीने घालून दिला. लग्नानंतर काही वर्षे आम्ही मुंबईत राहत होतो. रेवसची लाँच समोर उभी असे; पण आम्ही एसटीने पनवेल, पेण, अलिबाग असा वळसा घालून कोर्लई गाठत असू.

आजीचे आणखी एक होते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील संत पौलाच्या जहाजफुटीचा उतारा वाचला गेला, की ती अस्वस्थ होई. बेड्यांत जखडलेल्या पौलाला रोमकडे नेणारे तारू चौदा दिवस वादळात भरकटले, शेवटी माल्टाच्या किनाऱ्याजवळ फुटले. पण त्यावरील दोनशे शहात्तर माणसांपैकी एकही दगावला नाही. आजी विचारी, "त्यातले सगळे वाचले, मग आमचाच माणूस का नाही?" या प्रश्नाला तिला अखेरपर्यंत उत्तर मिळाले नाही. तो प्रश्न वारसाहक्काने माझ्या पत्नीकडे आला.

२०२५ साली आमच्या विवाहाला चाळीस वर्षे झाली. परदेशी असलेल्या मुलीने आम्हा दोघांसाठी भूमध्य समुद्रातील दहा दिवसांच्या सफरीची तिकिटे काढली. ही नकार देणार हे मी गृहीतच धरले होते. तिने कागद हातात घेतला, बंदरांची नावे वाचली आणि एका नावावर बोट ठेवून म्हणाली, "अहो, हे माल्टा म्हणजे तेच ना? मग मी येईन."

रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरात आम्ही जहाजावर चढलो. सम्राट त्राजानाच्या काळात बांधलेले हे बंदर आजही वापरात आहे. जहाज कसले, एक तरंगते नगरच! निघण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाला संकटकाळी कोठे जमायचे ते दाखवण्यात आले. हिने आपली जागा दोनदा जाऊन पाहिली, कपाटातील जीवरक्षक जाकिटे मोजली. पहिली रात्र ती अंथरुणावर बसून होती. हातात जपमाळ होती. मीही जागाच राहिलो. दुसरे काय करणार?

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात एका हस्तिदंती मूर्तीपुढे आम्ही थबकलो. जेमतेम वीतभर उंचीची, अलंकारांनी मढलेली, दोन्ही बाजूंना लहानशा दासी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीत ती १९३८ साली सापडली. तिला 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणतात. ती यक्षी असावी असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या प्रवासवर्णनात तगर, पैठण आणि कल्याण यांच्याबरोबर आपले चौलही येते. चौल म्हणजे कोर्लईच्या खाडीपलीकडचा गाव! ही बराच वेळ मूर्तीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "ही बाई एवढ्या लांब आली, बुडाली नाही." मी इतिहासाचा शिक्षक, पण हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

अथेन्सचे भग्न वैभव आम्ही धावतपळत पाहिले. तुर्कस्तानातील इफिससने मात्र मला खिळवून ठेवले. येथील भव्य प्रेक्षागृहापासून संगमरवरी रस्ता थेट बंदराकडे जातो. पण त्याच्या टोकाशी समुद्र नाही. नदीने आणलेल्या गाळाने बंदर भरले आणि समुद्र कित्येक किलोमीटर दूर गेला. मला आमची पनवेलची खाडी आठवली. बंदरे अशीच मरतात. गाजावाजा न होता, थोडथोड्या गाळाने.

शेवटचा मुक्काम माल्टा. १५६५ साली तुर्कांचा वेढा परतवल्यानंतर पुढच्याच वर्षी व्हॅलेटा या शहराची पायाभरणी झाली. पिवळसर दगडांची तटबंदी थेट पाण्यातून वर आलेली. लोक कॅथलिक, पण भाषा अरबीच्या कुळातली. परमेश्वराला ते 'अल्ला' म्हणतात हे ऐकून ही चकित झाली. संत पौलाच्या जहाजफुटीच्या नावाने असलेल्या चर्चमध्ये तिने आजोबांसाठी एक मेणबत्ती लावली. त्यानंतर आम्ही बसने उत्तरेकडील संत पौलाच्या उपसागराकाठी गेलो. जहाजफुटी येथेच झाली अशी परंपरा आहे.

एका कट्ट्यावर आम्ही बसलो. समुद्र शांत होता. ही काही बोलेना. मीही विचारले नाही. चाळीस वर्षांत एवढे तरी शिकलो आहे, की तिचे मौन आपण मोडू नये.

खूप वेळाने ती म्हणाली, "अहो, पौल किनाऱ्याला लागला तेव्हा पाऊस होता ना?"

"हो. पाऊस आणि थंडीही."

"आणि इथल्या लोकांनी शेकोटी पेटवली. ओळख ना पाळख, भाषा वेगळी, तरी सगळ्यांना जवळ घेतलं." ती थोडी थांबली. "रामदास बुडाली तेव्हाही पाऊसच होता. आपल्या कोळ्यांनी मासळीच्या होड्या वळवून माणसं वर काढली. बाबा सांगायचे. पण आजी ते कधी ऐकूनच घेत नसे. ती फक्त न आलेल्यांची वाट पाहत राहिली."

"आजीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का?" न राहवून मी विचारले.

"नाही," ती म्हणाली. "ते इथेही नाही. पण दुसरं काहीतरी मिळालं."

जहाजफुटी वाचताना आपली दृष्टी देवाच्या चमत्कारावर असते. बुडालेल्या आप्ताचे दुःख वाहताना ती देवाच्या मौनावर असते. दोन्ही वेळी किनाऱ्यावर ओल्या लाकडांना फुंकर घालीत बसलेली अनोळखी माणसे आपल्याला दिसत नाहीत. माल्टातल्या त्या बेटवासीयांची नावे पवित्र शास्त्राने दिली नाहीत. रेवसच्या कोळ्यांची नावेही आम्हाला ठाऊक नाहीत.

घरी परतल्यावर डिसेंबरात कोर्लईला जायचे ठरले. मी एसटीची वेळ पाहू लागलो, तर ही म्हणाली, "उरणमार्गे जाऊ. करंजाहून तरीने रेवस." मी तिच्याकडे पाहिले. ती पिशवी भरत होती.

तरीत गर्दी होती. एका कोळणीने आपली पाटी सरकवून हिला जागा करून दिली. तर हलली तशी हिने माझे मनगट घट्ट धरले. तिच्या बोटांचे वळ नंतर बराच वेळ हातावर होते. खाडीच्या मुखापलीकडे, जेथे 'रामदास' गेली तो समुद्र उन्हात चमकत होता. हिने त्याच्याकडे पाहत क्रूसाची खूण केली. ओठ हलले. काय म्हणाली ते मी विचारले नाही.

रेवसच्या धक्क्यावर एका तरुण खलाशाने हात पुढे केला. "या आजी, सांभाळून." हिने तो हात धरला आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांनी त्या घरातले एक माणूस बोटीतून रेवसला उतरले.