साथीचं गणित आणि मुंबईचा प्लेग

"डॉक्टर, ही साथ संपणार कधी?" २०२० साली ओपीडीत रोज हाच प्रश्न. मी कागदावर डोंगरासारखा ग्राफ काढून दाखवायचो. त्या डोंगराचं मुंबईशी जुनं नातं आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

१९२७ साली केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी एडिंबरोत साथीचं गणित मांडलं. मॅकेन्ड्रिक डॉक्टर, पूर्वी भारतात नोकरी केलेले. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या अपघातात २६व्या वर्षी दृष्टी गेलेले! त्यांनी लोकांचे तीन गट केले: लागण होऊ शकणारे, आजारी, आणि बरे झालेले वा दगावलेले. एक आजारी माणूस सरासरी एकाहून कमी जणांना लागण देऊ लागला की साथ उतरते. त्यासाठी सगळ्यांनी आजारी पडावं लागत नाही.

पडताळ्याला त्यांनी १९०५-०६ च्या मुंबईतल्या प्लेगमृत्यूंचे आठवडावार आकडे घेतले. रेष त्यांवर झकास बसली. पण प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, आणि ऋतूप्रमाणे त्याचा जोर बदलतो. समीकरणात तर सगळं स्थिर धरलेलं. म्हणून हा अंदाज अगदी ढोबळ आहे, असं त्या दोघांनी स्वतःच लिहून ठेवलं.

मी मात्र तसं बोललो नाही. जानेवारी २०२१ मध्ये माझा डोंगर उतरला होता. एका जुन्या पेशंटने मुलीच्या लग्नाचं विचारलं. "एप्रिलमध्ये बिनधास्त धरा," म्हणालो. एप्रिलमध्ये ते ऑक्सिजनवर होते.

बरे झाले. अजून बीपी तपासायला येतात. लग्नाचा विषय आम्ही दोघंही काढत नाही.