दुसरा कंट्रोलर

व्हिडिओ गेमने पोरे बिघडतात म्हणतात. मी मात्र त्यातून एक गोष्ट शिकलो.

रोवणीच्या मजुरीतून दादाने सिंदेवाहीच्या बाजारातून गेम आणला होता. त्यात कोनामी कंपनीचा १९८७ सालचा ‘काँट्रा’ होता. धबधब्याच्या टप्प्यात एकजण फार वर चढला की पडदा सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. माझा कंट्रोलर अडायचा, दादा थांबायचा.

आज संगणकावर ‘रेट्रोआर्च’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. हवा तिथे डाव जतन करावा, मरणाचे भय नाही. तरी एकट्याने खेळ बेचव लागतो.

दादाने शाळा सोडली, मी कॉलेजात आलो. आता वर मी आहे. परवा दुसरा कंट्रोलर आणला. बांधीतून दादा परतेपर्यंत मी खेळ सुरू करीत नाही.