चर्चा करा

आमच्या पिढीच्या महिला मंडळवाल्यांना सरकारी शेऱ्यांपैकी एक शेरा फार जवळचा वाटायचा, ‘चर्चा करा’. फूलस्केप कागदावर अर्ज लिहायचा, मधे कार्बन घालून दुसरी प्रत काढायची, नगरपालिकेच्या आवक-जावक टेबलावर अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्क्याची पोच घ्यायची. पंधरा दिवसांनी चौकशीला गेलं की समासात हिरव्या शाईत ते दोन शब्द दिसायचे. मग आम्ही तिघी-चौघी ठेवणीतल्या साड्या नेसून मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेरच्या लाकडी बाकावर जाऊन बसायचो. बालवाडी कुठल्या गल्लीत हवी, मुलं किती येतील, बाईंना मानधन काय द्यायचं, पाण्याचा माठ कोण भरणार, हे सगळं त्या टेबलाशी बसून ठरायचं. टिपणी, ठराव, करार हे सारं त्यानंतर.

आता आधी निविदा येते. ती ऑनलाइन भरायची असते, त्यासाठी डिजिटल सही लागते, बयाणा रक्कम लागते, तीन वर्षांच्या उलाढालीचा दाखला लागतो. चर्चेलाही जागा आहे, तिला निविदापूर्व बैठक म्हणतात. आमच्या बचत गटाच्या मुली शाळांच्या खिचडीच्या कामासाठीच्या अशा एका बैठकीला गेल्या होत्या. शाळांचे लहान गट पाडून वेगवेगळं काम देता येईल का, एवढंच त्यांनी लेखी विचारलं होतं. उत्तर आलं, ‘निविदेतील अट कायम’. पूर्वी बोलून झाल्यावर अटी लिहिल्या जात, आता अटी लिहून झाल्यावर बोलायला बोलावतात.

पण त्या बाकाची आठवण काढताना मला एक गोष्ट टाळता येत नाही. त्या बाकावर बसायला मिळायचं ते आम्हालाच. आमच्यातल्या एकीचे यजमान शिक्षक होते, एकीचे दीर नगरसेवक होते, आणि अर्ज लिहिण्याइतकं मराठी आम्हा सगळ्यांनाच येत होतं. नाल्यापलीकडच्या वस्तीतही बायकांचं मंडळ होतं. त्यांच्या अर्जावर तो शेरा कधी पडल्याचं मला आठवत नाही, आणि पडत का नाही, हे आम्ही कधी विचारलंही नाही. महिला व बालकल्याणाचा पाच टक्के निधी वर्षभर पडून असायचा आणि मार्च महिन्यात घाईघाईनं खर्ची पडायचा. आम्ही बालवाडीला छप्पर मागितलं होतं, आली शिलाई मशीन. एकदम नऊ. पावसाळ्यात बालवाडीचं पाणी त्या मशीनवर गळायचं आणि आम्ही त्यांवर प्लॅस्टिकचे कागद घालत बसायचो. बालवाडीच्या बाईंचं मानधन तर एकदा अकरा महिने थकलं होतं. किराणा दुकानदार उधारीची वही पुढं करून काही बोलायचा नाही, फक्त पान उलटायचा.

आज मंजूर झालेले पैसे थेट खात्यात जमा होतात. निविदा कुणीही, कुठूनही पाहू शकतं, नाल्यापलीकडची बाईसुद्धा. ही साधी सुधारणा नाही. कुणाच्या दिराच्या ओळखीवर काम मिळू नये, हे आम्हीच सभांमधून ओरडून सांगत होतो. मात्र तिच्या गटाची उलाढाल काही लाखांची आणि निविदेत मागितलेली त्याच्या कितीतरी पट. पूर्वी तिला केबिनचं दार बंद होतं. आता दार उघडं आहे, पण उंबरठाच तिच्या कमरेएवढा उंच बांधला आहे.

मला सगळ्यात जास्त चुटपुट लागते ती खिचडीची. 1995 साली शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा, तोही हजेरी ऐंशी टक्के भरली तर. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयानं मुलांना शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं आणि आमच्याकडे नगरपालिकेच्या शाळेच्या मागच्या पडवीत बचत गटाची चूल पेटली. धूर वर्गात शिरायचा. तांदूळ निवडायला बसलं की सोंडे निघायचे, पोरकिडे निघायचे, कधी खडे. सरपण ओलं असलं की अकराची खिचडी साडेबाराला व्हायची आणि पहिलीतली पोरं पाटीवर डोकं टेकून झोपून जायची. हे चांगलं होतं असं मी म्हणणार नाही.

तरी त्यात एक क्षण होता. मुलांना वाढण्याआधी चव घ्यायची आणि चव रजिस्टरमध्ये सही करायची. आमच्या गटातल्या मावशी झाकण काढून कडेची चमचाभर खिचडी पळसाच्या पानावर घेऊन मुख्याध्यापक बाईंकडे न्यायच्या. बाई फुंकर घालून खायच्या. त्या काय म्हणतात याकडे मावशींचा जीव लागलेला असायचा. ‘मीठ बेताचं झालंय हो आज,’ असं बाई म्हणाल्या की मावशी तशाच मागं वळायच्या आणि पातेल्यात मिठाचं पाणी फिरवायच्या. अर्धं मिनिट लागायचं. कराराची देखरेख म्हणून जे काही म्हणतात, ते तिथं उभ्याउभ्या होऊन जायचं.

पुढं शहरी भागात केंद्रीय स्वयंपाकगृहाची पद्धत आली. टेम्पो येतो, स्टीलचे झाकणबंद डबे उतरतात. तांदूळ निवडलेला असतो, स्वयंपाकघरात धूर नसतो, वजनाची पावती असते. चव आताही घेतात आणि रजिस्टरही आहे. पण खिचडी अळणी निघाली तर मीठ घालायला तिथं चूल नाही, आणि सांगायचं कुणाला, तर टेम्पोच्या ड्रायव्हरला.

सगळीकडे असंच झालं असं नाही, म्हणून पुण्याचं नाव घ्यावंसं वाटतं. तिथं 1993 साली डॉ. बाबा आढावांच्या पुढाकारानं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरावेचक बायका गल्लीबोळांत आधीपासून काम करतच होत्या. महापालिकेनं 2008 मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी पाच वर्षांचा करार केला, तो त्यांच्या चालत्या कामाभोवती बेतून. घरोघरचे लोक दरमहा शुल्क थेट कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात देतात आणि महापालिका साधनसामग्रीचा व व्यवस्थापनाचा खर्च उचलते. तीन हजारांहून जास्त कचरावेचकांचा संसार त्यावर चालतो. काम कुणाला येतं हे आधी बघायचं आणि कागद त्याप्रमाणे लिहायचा, ही आमच्या त्या जुन्या टेबलावरचीच रीत. इथं मात्र ती ओळखीपाळखीच्या बायकांपुरती राहिली नाही, रस्त्यावरच्या बायकांपर्यंत पोचली. एवढं असूनही मुदत संपत आली की त्यांनाही दर वेळी नव्यानं झगडावं लागलं आहे. 2020 च्या अखेरीस करार संपला तेव्हा त्यांचं काम मुदतवाढीवरच चालू राहिलं.

आणि झगडायचं तरी कुणापुढं? पूर्वी नगरसेविकेच्या ओट्यावर जाऊन भांडता यायचं. 2022 नंतर कित्येक वर्षं राज्यातल्या बहुतेक महापालिका-नगरपालिकांत निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. निवेदन ई-मेलनं पाठवायचं. पोच लगेच येते, मशीनच देतं.

मागच्या महिन्यात नातवाच्या शाळेत गेले होते. खिचडीच्या त्या मावशी आता तिथं वाढपी आहेत. डबा उघडल्यावर त्यांनी सवयीनं कडेची चमचाभर खिचडी काढली, आता पळसाच्या पानाऐवजी स्टीलच्या झाकणावर, आणि बाईंपुढं धरली. नव्या बाईंनी खाल्ली, मान हलवली, रजिस्टरमध्ये सही केली. मग मावशींनी स्वतःही थोडी खाल्ली. माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, ‘ताई, जिरं जळलंय.’ आणि डाव घेऊन पहिलीच्या रांगेकडं वळल्या.