घरच्या संघाचा सलामीवीर

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या उर्दू शाळेच्या पोरांना विचारावे, "मोठे झाल्यावर कोणत्या संघातून खेळणार?" उत्तर ठरलेले : मुंबई. आपण विदर्भाच्या पश्चिम टोकाला राहतो, आपलाही एक संघ आहे, हे कुणाच्या ध्यानीमनी नसते. अशा वेळी आम्ही फैज फजल यांची गोष्ट सांगतो.

नागपूरचा हा डावखुरा सलामीवीर २००३-०४ च्या मोसमात, अवघ्या अठराव्या वर्षी, विदर्भाकडून पहिला सामना खेळला आणि जम्मू-काश्मीरविरुद्ध १५१ धावा काढल्या. त्या काळी विदर्भाला रणजीत कुणी मोजत नसे. मध्ये काही काळ ते रेल्वेकडून खेळले, पण परत घरी आले.

जून २०१६ मध्ये हरारेत त्यांना भारताची टोपी मिळाली. झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद ५५ धावा केल्या, भारत दहा गडी राखून जिंकला. त्यानंतर बोलावणे आले नाही. इथे पोरे थांबवतात. "सर, नाबाद राहिले तरी पुन्हा घेतले नाही?" हा प्रश्न वर्गातला नसतो, घरून, ओट्यावरच्या गप्पांतून आलेला असतो. "आपल्या पोरांना कोण विचारतो," असे ऐकतच ती वाढतात. आम्ही प्रश्न टाळत नाही. म्हणतो, निवड दुसऱ्याच्या हातात असते, पुढचा डाव आपल्या. आता पुढचे ऐका.

२०१७-१८ मध्ये फजल कर्णधार होते. त्यांनी त्या मोसमात ९१२ धावा केल्या. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, मुंबई सोडून आलेले वसीम जाफर सोबतीला, आणि अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला नऊ गड्यांनी हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून तो राखला.

मुंबईचा एवढा मोठा फलंदाज विदर्भाकडे आला, हे ऐकून पोरे एकमेकांकडे बघतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये, जिथे सुरुवात झाली त्याच नागपूरच्या मैदानावर फजल यांनी बॅट ठेवली. प्रथम श्रेणीत नऊ हजारांवर धावा झाल्या होत्या. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. त्या संघात ते नव्हते; पण जिंकायची सवय त्यांच्या काळातच लागली होती.